वास, वय आणि वाढीची दोन घड्याळे

तिसरी-चौथीला शिकवणारे शिक्षक अलीकडे एक प्रश्न जरा दबक्या आवाजात विचारतात. सात-आठ वर्षांच्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या अंगाला मोठ्या माणसासारखा घामाचा वास येऊ लागतो. शेजारी बसणारी मुले नाक मुरडतात, टोपणनाव पडते. घरचे घाबरतात. पोर इतक्यात वयात आले की काय? दुधातून, अंड्यांतून काही जाते आहे काय? आंघोळ नीट होत नाही काय? आणि हे मुलाशी बोलायचे तरी कोणी?

या एका तक्रारीत तीन वेगवेगळे प्रश्न गुंतलेले असतात. वास कशाने येतो, वयात येणे म्हणजे काय, आणि ते कितव्या वर्षी घडायला हवे? हे तीन प्रश्न एकमेकांपासून सुटे करायला वैद्यकशास्त्राला जवळजवळ दोनशे वर्षे लागली. तो इतिहास माहीत असला की आपली अर्धी भीती ओसरते आणि उरलेल्या अर्ध्या भागाकडे नेमके लक्ष देता येते.

नुसत्या घामाला वास नसतो

आपल्या कातडीत घाम बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी आहेत, हे चेक शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १८३३ मध्ये सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवले. पण या सर्व ग्रंथी एकाच जातीच्या नाहीत हे स्पष्ट व्हायला आणखी बराच काळ गेला. १९२२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ पाउल शिफरडेकर यांनी त्यांचे दोन गट पाडले आणि त्यांना एक्राइन आणि अपोक्राइन ही नावे दिली. एक्राइन ग्रंथी अंगभर असतात. त्यांची संख्या वीस ते चाळीस लाख असते आणि त्या पाणीदार, खारट घाम सोडून शरीर थंड ठेवतात. खेळून आलेल्या पाच वर्षांच्या मुलाच्या कपाळावरून निथळतो तो हा घाम. अपोक्राइन ग्रंथी मुख्यतः काखेत, जांघेत आणि स्तनाग्रांभोवती असतात. त्या जन्मापासून असतात, पण लहानपणी जवळजवळ झोपलेल्या असतात.

मग वास कशाचा? याचे उत्तर १९५३ मध्ये मिळाले. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे वॉल्टर शेली, हॅरी हर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काखेतील अपोक्राइन घाम गोळा केला. तो जंतुविरहित ठेवला तेव्हा त्याला वास आला नाही. त्यात कातडीवरचे जीवाणू मिसळले तेव्हा काही तासांतच ओळखीचा वास येऊ लागला. म्हणजे घाम हा कच्चा माल, आणि वास तयार करणारे कारागीर म्हणजे जीवाणू! १९९१ मध्ये फिलाडेल्फियाच्याच मोनेल संस्थेतील संशोधकांनी या वासातले एक प्रमुख आम्ल ओळखून काढले. पुढे कोरिनेबॅक्टेरियम आणि स्टॅफिलोकॉकस या गटांतील कोणते जीवाणू कोणते गंधद्रव्य बनवतात, हेही कळत गेले.

कच्चा माल सर्वांत सारखा नसतो. एबीसीसी-११ नावाचे एक जनुक अपोक्राइन ग्रंथींतून काही पदार्थ बाहेर टाकण्याचे काम करते. २००६ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की कानातला मळ ओला की कोरडा, हे याच जनुकावर ठरते. पूर्व आशियातील बहुसंख्य लोकांत या जनुकाचे निष्क्रिय रूप असते. त्यांच्या कानातला मळ कोरडा असतो आणि काखेला वासही नाममात्र येतो. तेव्हा एकाच्या अंगाला जास्त वास येतो आणि दुसऱ्याच्या अंगाला कमी, यावरून दुसरा अधिक स्वच्छ असा निष्कर्ष काढता येत नाही.

एक घड्याळ नव्हे, दोन

झोपलेल्या अपोक्राइन ग्रंथींना जागे कोण करते? पूर्वी याचे उत्तर सोपे वाटे: वयात येणे. मुलींत अंडाशय आणि मुलांत वृषणे काम करू लागली की केस, वास, मुरमे, उंची सारे एकदम सुरू होते, असा समज होता. पण काही मुले या चौकटीत बसत नव्हती. १९५२ मध्ये सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी अशा बालकांचे वर्णन केले. त्यांना लहान वयात जांघेत केस आले होते, मात्र वयात येण्याची इतर कोणतीही खूण नव्हती.

उत्तर मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क, म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथींत होते. १९३४ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनी मूत्रातून डीएचईए हे संप्रेरक वेगळे केले होते. ते पुरुषी संप्रेरकांच्या कुळातले, पण बरेच सौम्य. १९६० मध्ये फ्रान्सचे एतिएन-एमिल बोलिय यांनी दाखवले की त्याचे सल्फेटयुक्त रूप अधिवृक्क ग्रंथीच रक्तात सोडतात. दरम्यान १९४० च्या दशकात बोस्टनचे फुलर ऑलब्राइट यांनी या ग्रंथींच्या जागे होण्याला ‘अ‍ॅड्रिनार्की’ हे नाव दिले होते. आपण त्याला ‘अधिवृक्क-जागृती’ म्हणू. साधारण सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान, मुलगा असो वा मुलगी, रक्तातले हे संप्रेरक हळूहळू वाढू लागते. त्याने काखेतल्या ग्रंथी जाग्या होतात, त्वचा तेलकट होते, कालांतराने केस येतात. उंदरांत हा प्रकार घडत नाही. चिंपांझींत मात्र घडतो.

दुसरे घड्याळ मेंदूत आहे. हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला इशारा देतो आणि पीयूषिका अंडाशयांना किंवा वृषणांना कामाला लावते. खरे वयात येणे ते हेच. हा इशारा देणाऱ्या संप्रेरकाची रचना अँड्र्यू शॅली आणि रोजर गिलमन यांच्या गटांनी १९७१ च्या सुमारास उलगडली. या कामासाठी १९७७ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. १९७८ मध्ये अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने माकडांवरील प्रयोगांत एक नवलाची गोष्ट पाहिली. इशारा तासाला एक अशा ठेक्याने दिला तर पीयूषिका काम करते, पण तोच इशारा अखंड देत राहिले तर ती गप्प बसते. यातूनच फार लवकर वयात येणाऱ्या मुलांसाठी औषध सापडले. १९८१ पासून या संप्रेरकाची दीर्घकाळ टिकणारी नक्कल वापरून हे घड्याळ काही वर्षे थांबवता येऊ लागले.

ही दोन घड्याळे खरोखर स्वतंत्र आहेत काय? १९८० मध्ये स्क्लार, कॅप्लान आणि ग्रुम्बाख यांनी याचा पडताळा घेतला. सहा वर्षांच्या आतच वयात आलेल्या मुलांत अंडाशये किंवा वृषणे जागी झालेली होती, पण अधिवृक्क संप्रेरक लहान मुलांइतकेच कमी होते. उलट ज्या मुलींची अंडाशये जन्मतःच काम करत नव्हती, त्यांच्यातही अधिवृक्क-जागृती झालेली होती. एक घड्याळ बंद असताना दुसरे चालू राहते, याहून चांगला पुरावा कोणता?

शिक्षकांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे मिळते. आठ वर्षांच्या मुलाच्या काखेला वास येतो याचा अर्थ बहुधा पहिले घड्याळ चालू झाले आहे, इतकाच. त्यावरून दुसऱ्याविषयी काहीच सांगता येत नाही.

वय कोणी ठरवले?

‘इतक्यात?’ असे आपण म्हणतो तेव्हा मनात एक योग्य वय धरलेले असते. ते कोठून आले?

फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू यांनी १७४८ मध्ये लिहिले की उष्ण देशांत मुली आठ, नऊ, दहा वर्षांच्याच लग्नायोग्य होतात. हवा गरम म्हणून वाढही लवकर, हे म्हणणे युरोपात दीर्घकाळ शास्त्र म्हणून चालले. मँचेस्टरचे शल्यवैद्य जॉन रॉबर्टन यांनी त्यावर शंका घेतली. त्यांनी इंग्लंडमधील स्त्रियांना प्रथम ऋतुप्राप्ती कधी झाली याची नोंद केली, भारतासह दूरदूरच्या देशांतील डॉक्टरांकडून आकडे मागवले, आणि १८५१ च्या आपल्या ग्रंथात निष्कर्ष मांडला की हवामानाने मानला जातो तसा फरक पडत नाही. भारतातल्या लहानग्या वधू ही उन्हाची नव्हे, रूढीची निर्मिती आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

हा वाद पुस्तकापुरता राहिला नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत संमतीचे वय दहा वर्षे होते. कलकत्त्यात सुमारे अकरा वर्षांच्या फुलमणी दासीचा पतीच्या संबंधामुळे मृत्यू झाला आणि १८९० मध्ये त्यावर खटला चालला. १८९१ च्या कायद्याने हे वय बारा केले. त्या वेळी पुण्या-मुंबईत केवढे वादळ उठले, हे आपण इतिहासात वाचतो. लोकमान्य टिळकांचा विरोध सरकारने धर्माचारात हात घालण्याला होता, तर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी धर्मशास्त्राच्याच आधाराने सुधारणेची बाजू मांडली. न्हाण आले की मुलगी संसाराला तयार झाली, असे मानणाऱ्यांची संख्या मोठी होती. शरीराच्या एका खुणेवरून माणसाचे वय ठरवण्याची किंमत किती भयंकर असते, हे या प्रकरणाने दाखवले.

मुलांच्या बाबतीत जुने पुरावे कमी, पण एक मोठा गमतीशीर आहे. लाइपझिगमध्ये संगीतकार बाख यांच्या गायकवृंदात शाळकरी मुले गात. कोणता मुलगा कधी उंच पट्टी सोडून खालच्या पट्टीत गाऊ लागला, याच्या नोंदी राहिल्या. १९७० मध्ये डॉ यांनी १७२७ ते १७४९ या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा आवाज फुटण्याचे वय सतराच्या आसपास निघाले. आज ते तेरा-चौदाच्या घरात असते. अडीचशे वर्षांत तीन वर्षांचा फरक पडला. त्यात पोषण आणि बालपणीच्या आजारांतील घट यांचा वाटा सर्वांत मोठा मानला जातो.

आज डॉक्टर वाढीचे जे पाच टप्पे वापरतात ते ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स टॅनर यांच्या नावाने ओळखले जातात. लंडनजवळच्या हार्पेंडन येथील बालकाश्रमात १९४८ पासून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांची वर्षानुवर्षे मोजमापे घेतली, छायाचित्रे काढली. मार्शल व टॅनर यांचे निष्कर्ष १९६९ मध्ये १९२ मुलींवर आणि १९७० मध्ये २२८ मुलांवर आधारून प्रसिद्ध झाले. मुलींत स्तनवाढीची सुरुवात सरासरी ११.१५ व्या वर्षी, पहिली पाळी १३.४७ व्या वर्षी. मुलांत वाढीची सुरुवात ११.६४ व्या वर्षी. ही मुले आईवडिलांवेगळी, संस्थेत वाढणारी होती. विवस्त्र छायाचित्रांना त्यांची स्वतःची संमती आजच्या अर्थाने घेतली गेली नव्हती. आपल्या ज्ञानावर त्यांचे ऋण आहे, हे आकडे वापरताना विसरू नये. शिवाय हे आकडे एका देशातील एका आश्रमातले. ते जगभरच्या मुलांचे मोजमाप बनले.

म्हणूनच १९९७ मध्ये अमेरिकेतून आलेल्या आकड्यांनी खळबळ उडाली. मार्सिया हर्मन-गिडन्स यांनी १७,०७७ मुलींची माहिती जमवली. स्तनवाढीची सुरुवात गोऱ्या मुलींत सरासरी दहाच्या किंचित आधी, तर आफ्रिकी-अमेरिकी मुलींत नऊच्याही आधी होत होती. पाळीचे वय मात्र अनुक्रमे १२.८८ आणि १२.१६ होते, म्हणजे ते तितक्या वेगाने खाली आलेले नव्हते. बऱ्याच मुलींची तपासणी केवळ पाहून झाली होती, त्यामुळे चरबी आणि स्तनवाढ यांत गल्लत झाली असेल, असा आक्षेप आला. पण पुढे इतर देशांतूनही हीच दिशा दिसली. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०२० मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की १९७७ ते २०१३ या काळात स्तनवाढीचे वय दर दशकात सुमारे तीन महिन्यांनी अलीकडे आले.

कारणे? वाढते वजन हे सर्वांत भक्कम पुराव्याचे कारण आहे. काही रसायनांवर संशय आहे, पण तेथे पुरावा अजून तितका पक्का नाही. पोषणातील अचानक बदलही महत्त्वाचा दिसतो. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या मुलींच्या १९९१ च्या अभ्यासात निम्म्या मुलींना ११.६ वर्षांच्या आतच पाळी आली होती. कोविडच्या टाळेबंदीच्या काळात लवकर वयात येणाऱ्या मुलींची संख्या वाढल्याचे इटलीतील आणि आपल्या पुण्यातील डॉक्टरांनीही नोंदवले. अंडी किंवा दूध बंद करून मात्र हे थांबते असे दिसत नाही. वाढत्या मुलाचे प्रथिन तेवढे कमी होते.

लाज बाजारात आली

आता वासाकडे पुन्हा वळू. काखेसाठी बनवलेले पहिले नाममुद्रांकित मलम ‘मम’ १८८८ मध्ये फिलाडेल्फियात आले. १९१० नंतर सिनसिनाटीच्या एडना मर्फी या तरुणीने ‘ओडोरोनो’ हे द्रव्य विकायला काढले. शस्त्रक्रिया करताना हातांना घाम येऊ नये म्हणून तिच्या डॉक्टर वडिलांनी ते बनवले होते. त्यात अ‍ॅल्युमिनियमचा क्षार होता. आपल्या न्हाव्याच्या पेटीतली तुरटी त्याच कुळातली. पण गिऱ्हाईक मिळेना, कारण आपल्या अंगाला वास येतो ही लोकांना अडचणच वाटत नव्हती. १९१९ मध्ये जेम्स यंग या जाहिरातलेखकाने एका महिला मासिकात अशी जाहिरात दिली, की तुमच्या काखेचा वास तुम्हाला कळत नाही, इतरांना मात्र कळतो आणि ते मागे बोलतात. सुमारे दोनशे वाचकांनी चिडून वर्गणी बंद केली. विक्री मात्र वर्षभरात दुपटीहून वाढली. पुढे साबणाच्या जाहिरातींनी हीच युक्ती अमेरिकेत घरोघर नेली.

स्वच्छ राहणे चांगलेच. पण ‘लोक मागे बोलत असतील’ ही भीती निसर्गाने दिलेली नाही. ती लिहून, छापून, विकली गेली आहे. आज तीच भीती दूरदर्शन संचावरून आणि मोबाइलवरून आठ वर्षांच्या मुलापर्यंत पोहोचते.

वर्गात काय करावे?

पहिली गोष्ट, वर्गासमोर काही बोलू नये. मुलाला मागच्या बाकावर हलवणे ही शिक्षाच असते. विश्वासातल्या शिक्षक-शिक्षिकेने, दुसऱ्यांना ऐकू जाणार नाही परंतु एकांतही होणार नाही अशा जागी, साध्या शब्दांत सांगावे: तू वाढतो आहेस, म्हणून तुझा घाम बदलला आहे, आता आंघोळीत काखा, जांघा आणि पाय साबणाने धुवायचे, नीट कोरडे करायचे, आतले कपडे आणि मोजे रोज बदलायचे. या वयात बहुतेकांना एवढे पुरते. सुगंधी फवारा हा धुण्याला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट, घरची परिस्थिती पाहावी. ज्याच्याकडे एकच गणवेश आहे, पावसाळ्यात तो वाळत नाही, आणि पाणी दोन दिवसांआड येते, त्याला स्वच्छतेचे व्याख्यान देऊन काय उपयोग? पॉलिस्टरच्या कापडात घामाचा वास सुतीपेक्षा अधिक धरून राहतो, हे प्रयोगांनी दिसले आहे. गणवेशाचे कापड मात्र शाळाच ठरवते. चुलीचा धूर, मासळी, गोठा यांचे वास तर कष्टाचे वास आहेत. त्यांची टिंगल वर्गात चालू देऊ नये.

तिसरी गोष्ट, कोणता वास डॉक्टरांकडे न्यायचा ते ओळखावे. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त शेंबूड येत असेल तर आत खडूचा तुकडा, चिंचोका किंवा मणी अडकलेला असू शकतो. फुटणारा कान, किडके दात, पायांतली बुरशी यांनाही वास असतो. नॉर्वेतील बोर्गनी एगेलांड या आईने आपल्या दोन मतिमंद मुलांच्या अंगाला विचित्र वास येतो ही तक्रार सोडली नाही, म्हणूनच १९३४ मध्ये डॉ. आस्ब्योर्न फोलिंग यांना फिनाइलकीटोन्यूरिया हा रोग सापडला. आज जन्मतःच रक्त तपासून व आहार सांभाळून त्यातील मतिमंदत्व टाळता येते. आईच्या नाकावर विश्वास ठेवल्याचे हे फळ!

चौथी गोष्ट वाढीची. मुलीला आठ वर्षांच्या आत स्तनवाढ किंवा मुलाला नऊ वर्षांच्या आत वृषणांची वाढ दिसली, तर पालकांनी बालरोगतज्ज्ञांकडे जावे. या वयाआधी वास आणि केस आले असतील तरी एकदा दाखवावे. बहुतेक वेळा ती लवकर झालेली अधिवृक्क-जागृती असते, तिला औषध लागत नाही. पण उंची एकदम भराभर वाढणे, आवाज जाड होणे, मुरमे फुटणे हेही सोबत असेल तर उशीर करू नये. ग्रंथींचे काही विकार त्यामागे असू शकतात. शिक्षकाने तपासणी करायची नाही, निदानही सांगायचे नाही. वर्षातून दोनदा शाळेत उंची-वजनाची नोंद नीट ठेवली, तर डॉक्टरांना त्याचा मोठा आधार होतो.

आणि शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. लवकर वाढलेल्या मुलाकडून, विशेषतः मुलीकडून, आपण नकळत मोठ्या माणसाच्या समजुतीची अपेक्षा करतो. ‘एवढी मोठी झालीस आणि अजून खेळतेस?’ असे म्हणतो, तिचे मैदान बंद करतो. इतर मोठी माणसेही तिला मोठी समजू लागतात, आणि त्यात धोका असतो. १८९१ मध्ये कायदा बारा वर्षांवर थांबला होता. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे, शरीर कसेही दिसो. अधिवृक्काचे घड्याळ पुढे असेल, पीयूषिकेचेही असेल. पण समज, भीती, खेळ यांचे घड्याळ जन्मतारखेपासून चालते. आठ वर्षांच्या मुलीला वास आला, केस आले, पाळीसुद्धा आली, तरी ती आठ वर्षांचीच असते, आणि वर्गात तिला आठ वर्षांच्या मुलीसारखेच वागवले गेले पाहिजे.